गुंजभर

कोइमतूरला आमची भट्टी होती,
मागच्या खोलीत तेजाबाचे डेरे, पुढं तराजू.
विट्याची माणसं जिथं जातात तिथं हेच करतात:
दुसऱ्यानं टाकलेल्यातून पिवळं काढतात.

सत्त्याण्णव साली शिक्षणखात्याचा लिलाव घेतला मी,
वजनावर. दोनशे अकरा संगणक,
टेम्पोत उसासारखे रचून आणलेले.
रात्र रात्र पान्यानं उघडायचे,
मेथी निवडावी तशा चिपा खुडायच्या,
सोन्याच्या पायांच्या एका पाटीत, बाकी भंगारात.
सदा पिसे मदतीला. खोकायचा आणि मोजायचा.

दोनशे अकरावा
मी का लावून बघितला, देव जाणे.
दुकानातला टीव्ही, उसनी वायर.
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.
काही मागत नव्हती. नुसती हजर होती.
सदा म्हणाला, "मालक, ह्यो पण घ्या की."
म्हटलं, राहू दे, सकाळी.

ती सकाळ सव्वीस वर्षं झाली नाही.

आता मायणी रोडच्या घरात, माळ्यावरून
तो खाली आला तेव्हा मालन म्हणाली,
"जन्मभर सोनं गाळलं, आणि घरी आणलं काय, तर हे."
भाच्यानं, रणधीरनं, काडेपेटीएवढी पट्टी आणली.
"मामा, याला वाटणार आपण फोन लावतोय.
जाणार वायफायवरनं. पण याला सांगायचं नाही."
सोयरीक जुळवताना घरातल्या म्हाताऱ्याला
अर्धंच सांगतात, तसं.

नंबर फिरवला. म्हणजे एका बोटानं टाइप केला.
शेजारच्या मागांची खडखड चालू होती,
तिच्यातून अक्षरं आली,
तिफणीतून बी पडावं तशी, एकेक.
चाळीस झाली की ओळ भरायची.

तिथं अठरा जण होते.
एक फिनलंडचा, बाहेर उणे बावीस म्हणाला.
एक ब्राझीलची बाई, तिला तिचा संगणक
कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेला.
मराठी यंत्राला येत नाही, इंग्रजी मला बेताची,
दोघांनी मिळून भागवलं.
जो तो काहीतरी शोधत होता,
कुणी स्प्रिंग, कुणी एकच कळ.

फिनलंडवाल्याला पडद्याची चिप हवी होती,
चिनी मातीची, वर सोनेरी टोपी असलेली.
सहा वर्षं शोधतोय म्हणाला.
कुठं गेल्या सगळ्या, कोणास ठाऊक.

मला ठाऊक होतं.
ती टोपी मी अंधारात,
पाटीत हात घालून, नखानं ओळखतो.

रेघ लुकलुकत राहिली.
बऱ्याच वेळानं मी लिहिलं: दोनशे दहा.
मी वितळवल्या.

तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले,
आमचा इन्व्हर्टर चिरकून चालू झाला.
एवढ्या शांततेत उत्तर यायला लागलं,
पहिलं अक्षर, दुसरं,
मला वाटलं शिवी येतीय.

"किती निघालं?"

चोपडी काढावी लागली नाही, पाठ आहे मला.
एका यंत्रामागं गुंजभर. काहींत तेवढंही नाही.
गुंजेला त्यांच्यात काय म्हणतात कुणास ठाऊक,
म्हणून लिहिलं: एक लाल बी असतं,
काळ्या ठिपक्याचं,
त्याच्या वजनाइतकं.

मग बराच वेळ काही नाही.

मग ब्राझीलची बाई म्हणाली,
तो वेल माझ्या कुंपणावर आहे.
आणि फिनलंडचा म्हणाला, उद्या परत ये.
तुझा मात्र उघडू नकोस.

मालननं स्वयंपाकघरातून विचारलं,
"काय म्हणत होती माणसं?"
म्हटलं, वजन विचारत होती.